आजोबांचं पितळी रील सापडलंय? घासायच्या आधी हे वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की चिपळूणच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांचं पितळी फिशिंग रील सापडलं, साधारण ३ इंची, काळं पडलेलं, कडेकडेने हिरवं चढलेलं, हँडल फिरत नाही, मागच्या प्लेटवर इंग्रजीत ए. अँड एन. सी. एस. एल. असं काहीतरी कोरलंय. आजोबा पाटबंधारे खात्यात होते आणि कुणा साहेबाने जाताना दिलं असं घरात ऐकलंय. आता चिंच लावून घासू का ब्रासो आणू, परत चालू होईल का, आणि किमतीला किती असेल.

चालू होईल, जवळजवळ नक्की होईल. पण चिंच नको, ब्रासो नको, लिंबू नको, पितांबरी नको, आत्ता त्याला काहीच लावू नका. मी भोसरीत टूलरूममध्ये फिटर म्हणून ३१ वर्षं काढली आणि गेली बावीसेक वर्षं जुनी रीलं उघडतोय, आणि माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सहा-सात रीलांचं खरं नुकसान पाण्याने किंवा काळाने झालेलं नसतं, सापडल्यावर पहिल्या रविवारी कुणीतरी हौसेने घासल्यामुळे झालेलं असतं. देवघरातली समई आणि हे रील दोन्ही पितळेचीच, पण समई घासायचीच वस्तू आहे, रील नाही. समईचा लखलखाट आपल्याला दर सणाला परत मिळतो, रीलवरचा तो चॉकलेटी-काळा थर एकदा गेला की गेला, तो यायला ८०-१०० वर्षं लागलेली असतात.

त्यातही एक गोष्ट लोकांना माहीतच नसते. तो काळपटपणा सगळाच मळ नसतो. त्या काळी बरीच पितळी रीलं कारखान्यातूनच ब्रॉन्झ फिनिश करून यायची, म्हणजे केमिकलने पितळ मुद्दाम गडद करायचे आणि वर पातळ लाखेचा हात मारायचे, कारण नदीवर उन्हात चकाकणारं पितळ बघून मासा बिचकतो असं मानायचे. म्हणजे तुम्ही जे घासून काढणार ते बनवणाऱ्याने पैसे घेऊन चढवलेलं असू शकतं. बघायचं कसं, तर सीटच्या खालच्या बाजूला बघा, म्हणजे रॉडवर बसतो त्या पायाच्या खाली, आणि दोन प्लेटा जोडणाऱ्या खांबांच्या आतल्या अंगाला, जिथे बोटं पोचत नाहीत. तिथे एकसारखा गडद रंग असेल आणि बाहेर हात लागून लागून पिवळं झालं असेल तर ओरिजिनल ब्रॉन्झिंग आहे असं समजा.

मी स्वतः एक घालवलंय. स्कॉटलंडमधल्या पर्थच्या मॅलॉकचं साइड कास्टर रील, १८८४ च्या पेटंटचं, गळ टाकताना दोर गुंडाळलेला अख्खा ड्रम आडवा वळतो आणि दोर सरळ सुटतो अशी ती करामत. नवीन होतो, हौस होती, एका बफिंगवाल्याकडे दिलं की जरा चकाकी आणा. संध्याकाळी आणायला गेलो तर सोन्यासारखं चमकत होतं, आणि अक्षरं गेलेली. पुसट राहिली होती, तिरकं धरलं तर नाव वाचता यायचं, पण कडा सगळ्या साबणासारख्या गोल झालेल्या. बफने पितळ निघतं ना, नुसता मळ नाही निघत. ते रील अजून माझ्याकडे आहे आणि दर वेळी कुणी असं विचारलं की मी ते काढून समोर ठेवतो.

आता तुमचं रील काय आहे ते. ए. अँड एन. सी. एस. एल. म्हणजे आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटी लिमिटेड. लंडनमध्ये १८७१ ला लष्करातल्या अधिकाऱ्यांनी मिळून काढलेली ही सोसायटी, तंबूपासून बंदुकीपर्यंत सगळं विकायची, आणि १८९० च्या दशकात त्यांनी मुंबईतही दुकान काढलं. काळा घोड्याला जी आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग म्हणतात ती त्यांचीच. ही मंडळी रील बनवत नव्हती, बनवून घ्यायची आणि आपलं नाव ठोकायची, त्यामुळे बनवणारा कोण ते बहुतेक कळत नाही. पण को-ऑपरेटिव्ह सोसायटी हे नाव १९३४ ला बदलून नुसतं स्टोअर्स झालं, म्हणजे तुमचं रील त्याआधीचं. हँडल जर प्लेटवरच बसवलेलं असेल, वेगळा दांडा म्हणजे क्रँक नसेल, तर त्याला प्लेट-विंड म्हणतात. आणि घरातली साहेबाची गोष्ट खरी असायला काहीच हरकत नाही, त्या काळात सह्याद्रीतल्या नद्यांवर महसीर म्हणजे आपला खडस पकडायला जाणारे साहेब कितीतरी होते आणि असली ३-४ इंची पितळी रीलं त्यांच्या सामानात असायचीच. ती गोष्ट घरात ज्यांना आठवते त्यांच्याकडून आजच कागदावर लिहून घ्या, साहेबाचं नाव, गाव, नदी, जे आठवेल ते, आणि रीलसोबत ठेवा.

बरं, काम. पहिल्या दिवशी फक्त फोटो. सगळ्या बाजूंनी, खिडकीच्या उजेडात, आणि प्रत्येक स्क्रूची खाच कुठल्या दिशेला आहे ते दिसेल असे. चांगल्या कारागिराने प्रत्येक स्क्रू त्याच्या भोकातच बसवलेला असतो, अदलाबदल झाली की एक वर राहतो आणि एक खाली जातो. आत जुना दोर असेल तर कापू नका, हळूहळू उलगडून पुठ्ठ्यावर गुंडाळून ठेवा. तो बहुतेक रेशमाचा किंवा लिननचा असतो, कुजलेला असतो, हातात तुटेल, पण वस्तूचाच भाग आहे.

दुसऱ्या दिवशी हँडलची मूठ कशाची आहे ते बघा कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून. काळी असेल तर शिंग किंवा एबोनाइट, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. एबोनाइट उजेडाने तपकिरी पडतं आणि गरम पाण्यात घातलं तर डोळ्यादेखत विटतं, त्यामुळे गरम पाणी बाद. पांढरी-पिवळसर असेल तर हाड किंवा हस्तिदंत. भिंगातून बघा, बारीक काळे ठिपके किंवा रेघोट्या दिसल्या तर हाड, आणि टोकाच्या गोल भागावर एकमेकांना छेदणाऱ्या जाळीदार रेषा दिसल्या तर हस्तिदंत. हस्तिदंत निघालं तर विकायचा विचार सोडा, वन्यजीव कायदा १९७२ चा आहे आणि आपल्याकडे हस्तिदंताचा व्यापार बंद आहे, जुनं असलं तरी. याबाबत नीट सल्ला घ्या, कुणा दुकानदाराच्या 'चालतं हो' वर जाऊ नका.

मग स्क्रू. खरं सांगायचं तर या कामाचा निम्मा जीव स्क्रूमध्ये आहे. बाजारातला पेचकस टोकाला पाचरीसारखा निमुळता असतो, तो जुन्या स्क्रूच्या अरुंद खाचेत फक्त वरच्या काठावर बसतो, जोर लावला की वर चढतो आणि खाच फाडतो, आणि त्या फाटलेल्या खाचा बघून जाणकार माणूस लांबूनच सांगतो की हे रील कुणीतरी उघडलंय. म्हणून दोन-तीन स्वस्तातले पेचकस घ्या आणि कानशीने किंवा पथरीवर त्यांची टोकं अशी घासा की दोन्ही बाजू समांतर होतील आणि टोक खाचेत तळापर्यंत अगदी घट्ट जाईल, रुंदी स्क्रूच्या डोक्याइतकी, त्याच्याबाहेर नाही. तासभर जाईल, जाऊ दे. मी प्रत्येक नव्या रीलसाठी पेचकस परत घासतो.

स्क्रू हलत नसेल तर प्रत्येक डोक्याशी दातकोरण्याच्या टोकाने रॉकेलचा एक थेंब, सकाळ-संध्याकाळ, चार दिवस. मूठ वाचवून. अख्खं रील रॉकेलमध्ये बुडवू नका. चार दिवसांनी पेचकस खाचेत बसवून मागून लाकडी हातोडीने दोन-तीन हलक्या टिचक्या, मग आधी किंचित घट्ट करायच्या दिशेला आणि मग उलट. घट्ट करायच्या दिशेला केसभर हलला तरी जिंकलात. तरीही नाही तर सोल्डरिंग आयर्नचं टोक डोक्यावर मिनिटभर टेकवा, गार होऊ द्या, परत रॉकेल. लाख असेल तिथे ही गरमागरमी नको. घाई झाली की डोकं तुटतं आणि मग ड्रिल करून काढायला लागतो, तेव्हा चार दिवसांचे आठ दिवस झाले तरी चालतील.

आणि हरवलेल्या स्क्रूच्या जागी हार्डवेअरच्या दुकानातला ३ एमएमचा स्क्रू घालू नका. या इंग्रजी रीलांत बहुतेक बीए आटे असतात, ब्रिटिश असोसिएशनचे, आपल्या मेट्रिकच्या जवळ वाटतात पण त्यांचा कोन साडेसत्तेचाळीस अंशांचा आणि मेट्रिकचा साठचा. ४ बीए म्हणजे ३.६ एमएम, ६ बीए म्हणजे २.८. मेट्रिक स्क्रू दोन आटे जातो, तिसऱ्याला अडतो, माणूस जोर लावतो आणि पितळेतले आटे खाऊन टाकतो. काही कारखान्यांचे तर स्वतःचेच आटे होते. पुण्यामुंबईत जुनी घड्याळं आणि मोजमापाची यंत्रं दुरुस्त करणाऱ्यांकडे बीए स्क्रू मिळून जातात, नाहीतर लेथवर एक स्क्रू करून घ्यायला फार खर्च येत नाही.

उघडल्यावर आत हिरवट मेणासारखं काहीतरी दिसेल, घट्ट, चिकट. हेच हँडल अडवून बसलेलं असतं. तो गंज नाही, जुन्या तेलातलं आम्ल आणि पितळेतलं तांबं यांचा झालेला एक प्रकारचा साबण आहे. कोकणातल्या रीलांत तर हे हमखास, कारण घरात खोबरेल असायचं तेच घातलेलं असतं. खोबरेल चोवीसेक डिग्रीच्या खाली थिजतं आणि वर्षानुवर्षं राहिलं की पितळ कळकतं, जसं कल्हई गेलेल्या भांड्यात ताक कळकतं तसंच. तर हा हिरवा कीट आधी बांबूच्या काडीने खरवडून काढायचा, बांबू पितळेपेक्षा मऊ म्हणून ओरखडा येत नाही. मग मऊ टूथब्रश आणि थोडं रॉकेल. शेवटी रिठ्याच्या कोमट पाण्याने धुवायचं, सोनार वापरतात तसंच, लगेच पुसायचं आणि टेबलफॅनखाली तासभर ठेवायचं. लोखंडी भाग, म्हणजे स्पिंडल (ड्रम ज्यावर फिरतो तो मधला दांडा), खटका, स्प्रिंग, यांना पाणी लावायचंच नाही.

घड्याळवाले काही जण अमोनिया असलेलं क्लीनर सुचवतील. एकदम स्वच्छ निघतं, पण मी जुन्या पितळेला ते लावत नाही. याची गोष्ट आपल्याच देशातली आहे. इंग्रजांच्या काळात इथे काडतुसांच्या पितळी पुंगळ्या पावसाळ्यात तबेल्यात ठेवायचे आणि पावसाळा संपल्यावर बघावं तर पुंगळ्यांना आपोआप तडे गेलेले. नावच पडलं सीझन क्रॅकिंग. पुढे १९२१ मध्ये इंग्लंडमधल्या धातुतज्ज्ञांनी कारण दाखवून दिलं, की घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा, आणि पितळेला आकार देताना त्यात राहून गेलेला ताण, हे तिन्ही एकत्र आले की पितळ फुटतं. तुमच्या रीलच्या कडाही ठोकून किंवा वळवूनच केलेल्या असू शकतात. आणि चिंच-लिंबाचं म्हणाल तर आम्लाने काळा थर जातो तसंच वरवरचं जस्तही जातं आणि पितळ गुलाबीसर दिसायला लागतं. घासलेली भांडी कधी कधी तांब्यासारखी दिसतात ना, तसं.

आता खटका. दोर ओढला की टिक टिक आवाज करतो तो. आत एक दातेरी चाक असतं, त्यात अडकणारा पोलादी दात असतो आणि त्याला मागून दाबणारी चपटी स्प्रिंग असते. दहातल्या पाच रीलांत ही स्प्रिंग तुटलेली असते, बहुतेक वळणावर नाहीतर स्क्रूच्या भोकाशी. तुमची शाबूत असली तर हात लावू नका, नुसती पुसून तेलाचा हात. तुटली असेल तर जुन्या चावीच्या अलार्म घड्याळाची स्प्रिंग मिळवा, जुन्या बाजारात बंद घड्याळ स्वस्तात मिळतं. ती पट्टी आधीच टेंपर केलेली, म्हणजे तापवून लवचीक कडक केलेली असते हा मोठा फायदा. तुटलेले तुकडे पुठ्ठ्यावर जुळवून आकार काढा, पट्टी कात्रीने थोडी मोठी कापा आणि कडा पथरीवर घासा. घासताना लांबीच्या दिशेने, आडवं नाही, कारण आडवा ओरखडा राहिला की वाकताना तिथूनच चीर सुरू होते. भोक पाडायचं ते टोक मऊ करावं लागतं, बाकीची पट्टी ओल्या फडक्यात गुंडाळून सांडशीत धरा, ते टोक गॅसवर मंद लाल होईपर्यंत तापवा आणि हवेतच सावकाश गार होऊ द्या, मग ड्रिल जातं. वळण द्यायचं ते ३ एमएमच्या ड्रिलबिटभोवती, थोडं थोडं, अंगठ्याने दाबत. पकडीत धरून काटकोनात मोडली तर पंधरा दिवसांत परत तुटेल.

बसवल्यावर कानाशी धरून हँडल हळू फिरवा. आवाज कडक, खणखणीत आणि फिरवायला जड वाटलं तर स्प्रिंग जाड झालीय, ती चाकाचे दाते खाईल, परत काढा आणि पथरीवर पातळ करा. मी एका रीलला सात वेळा काढघाल केली होती. बरोबर जमली की आवाज एकसारखा येतो, चाकाच्या पूर्ण फेऱ्यात कुठेही न चुकता, आणि एखाद्या ठिकाणी टिक गाळली तर तिथला दाता झिजलाय. झिजला तर झिजू दे. त्यासाठी नवं चाक कापायच्या फंदात पडू नका.

तेलाचं सोपं आहे. स्पिंडलला शिलाई मशीनचं तेल, एकच थेंब. दातेरी चाकाला आणि खटक्याला अगदी पातळ ग्रीस, तांदळाच्या दाण्याएवढं. खोबरेल, गोडंतेल, ऑटोमोबाइलचं जाड ग्रीस यातलं काही नाही.

बाहेरून काय, तर एवढं सगळं झाल्यावर सुती फडक्याने नुसतं पुसा, दोन-तीन दिवस रोज, हातात घेऊन. त्याने जेवढा उजळ येतो तेवढा पुरे, खरंच पुरे. हिरवे डाग तेवढे बांबूच्या काडीने. मग मायक्रोक्रिस्टलाइन मेण मिळालं तर त्याचा पातळ हात, संग्रहालयांत वापरतात ते, नाहीतर मधमाशांचं मेण टर्पेंटाइनमध्ये विरघळवून. मेण लावून अर्ध्या तासाने पुसून टाकायचं.

हे सगळं पितळी रीलचं झालं. कुणाकडे लाकडी नॉटिंगहॅम रील असेल, अक्रोडाचं, मागे पितळी चांदणी असलेलं, तर त्याला ना पाणी ना ऊन. ती चांदणी लाकूड वाकू नये म्हणूनच ठोकलेली असते आणि तरी आपल्या पावसाळ्यात ते फुगून अडकतंच. तेव्हा जोर लावायचा नाही, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात महिना-दीड महिना ठेवलं की आपणहून सुटतं. आणि नशिबाने कुणाकडे इंग्लंडमधल्या ॲनिकच्या (Alnwick) हार्डी कंपनीचं जुनं पर्फेक्ट नावाचं रील निघालं तर ड्रम काढताना खाली ताट ठेवा. जुन्या पर्फेक्टमध्ये बॉल बेअरिंगचे छर्रे उघडेच असतात, एक जरी फरशीवर गेला तरी दिवसभर शोधत बसाल. अॅल्युमिनियमच्या रीलला धुण्याचा सोडा लावू नका, तो अॅल्युमिनियम खातो.

किमतीचं. मी आकडा सांगणार नाही, न बघता कुणी सांगितला तर विश्वास ठेवू नका. एवढं सांगतो की साध्या प्लेट-विंड पितळी रीलांची संख्या भरपूर आहे, हार्डीसारख्या नावाची गोष्ट वेगळी, आणि तुमच्या रीलला जी काही जास्तीची किंमत येईल ती त्या कोरलेल्या नावामुळे, न फाटलेल्या स्क्रूंमुळे आणि त्या काळपट रंगामुळे. विकायचं असलं तर उघडूही नका, आहे तसं दाखवा. पण तुम्ही आजोबांचं म्हणून विचारलंय, मला वाटत नाही तुम्ही विकाल.

आणि पाण्यावर न्यायचं असेल तर जरूर न्या, पवईला न्या, धरणावर परवानगी काढून न्या, बंद कपाटात ठेवण्यापेक्षा वर्षातून दोनदा फिरलेलं बरं. फक्त खाऱ्या पाण्यावर, खाडीवर नको. आणि त्यावर तंगूस, म्हणजे नायलॉनचा गळाचा दोरा, गुंडाळू नका. नायलॉन ताणाखाली लांबतो आणि गुंडाळल्यावर आकसायला बघतो, एकेक वेढा थोडाच पण दोनशे वेढ्यांचा दाब मिळून जुन्या ड्रमच्या बाजू फाकवतो, मी फाकलेले ड्रम बघितलेत आणि ते सरळ करताना पितळ चिरलेलंही बघितलंय. विणलेली डेक्रॉनची, म्हणजे पॉलिएस्टरची, दोर घ्या, अर्धाच ड्रम भरा. घरी आल्यावर सगळी दोर उलगडून खुर्चीच्या पाठीवर वाळत टाका आणि रील रात्रभर उघड्यावर ठेवा. सीट तुमच्या रॉडच्या खोबणीत बसत नसेल, आणि बहुतेक नाहीच बसणार, तर कानस काढू नका. कितीतरी रीलांची सीट कुणीतरी अशीच टोकाला घासून पातळ केलेली असते. सुती पट्टीने रॉडला घट्ट बांधा, दिवसभर टिकतं, संध्याकाळी सोडून टाका.